डीपीएफ सेन्सरचा कोड येतोय? हेवी डिझेल मशीनसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्स्कॅव्हेटर असो, व्हील लोडर, डंपर, ग्रेडर नाहीतर मोठा जनरेटर, डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेलं मशीन ज्याच्याकडे आहे त्याला कधी ना कधी हे प्रश्न पडतातच. खालची उत्तरं ऑपरेटर, फिटर आणि मशीनमालक तिघांसाठी आहेत. आकडे दिलेत ते बहुतेक मशीनला लागू पडतात, पण तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर मॅन्युअलचंच खरं धरायचं.

माझ्या मशीनला डीपीएफ आहे की नाही ते कसं कळणार?

सायलेन्सरच्या जागी जाडजूड डबा, त्याला क्लॅम्पने जोडलेले दोन-तीन तुकडे, आणि त्यातून निघालेल्या दोन बारीक स्टीलच्या नळ्या एका छोट्या सेन्सरकडे गेलेल्या दिसल्या की डीपीएफ आहे समजा. डॅशबोर्डवर रिजनचं, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळून साफ करण्याचं, बटण किंवा चिन्ह बहुतेक वेळा असतं. युरोपच्या स्टेज ५ नियमाने २०१९ पासून टप्प्याटप्प्याने १९ ते ५६० किलोवॅटच्या इंजिनांना नुसतं कणांचं वजन नाही तर कणांची संख्याही मोजायला लावली, एका किलोवॅट-तासाला १ लाख कोटी कणांची मर्यादा, त्यामुळे त्या इंजिनांवर फिल्टर जवळपास अटळ झाला. अमेरिकेच्या टिअर ४ फायनल नियमातली बरीच इंजिनं मात्र डीपीएफशिवाय, नुसत्या एससीआरवर, म्हणजे युरियाने धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या यंत्रणेवर चालतात. तेव्हा मशीन नवीन आहे म्हणजे डीपीएफ असणारच असं नाही, प्रत्यक्ष बघा.

सेन्सर असतात तरी किती आणि कोण काय करतो?

इंजिनातून निघालेल्या गॅसला आधी डीओसी लागतो म्हणजे ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट, मग डीपीएफ, आणि त्यापुढे असेल तर युरियावर चालणारा एससीआर. डीपीएफ आतून सिरॅमिकचा असतो, कॉर्डिएराइट नाहीतर सिलिकॉन कार्बाइड, त्यात बारीक बारीक चौकोनी नळ्या असतात आणि त्या एकाआड एक तोंडाशी बंद केलेल्या, त्यामुळे गॅसला भिंतीतून पाझरूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी अलीकडे अडकते. ही काजळी किती साठली ते ईसीएमला म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला उघडून बघता येत नाही, तो अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजाचा मोठा आधार म्हणजे डिफरन्शिअल प्रेशर सेन्सर, ज्याला सगळे डेल्टा पी म्हणतात. फिल्टरच्या अलीकडचं आणि पलीकडचं प्रेशर यातला फरक तो सांगतो. बाकी डीओसीच्या तोंडाशी, डीपीएफच्या आधी आणि नंतर टेम्परेचर सेन्सर, एससीआरच्या आधी-नंतर नायट्रोजन ऑक्साइड मोजणारे एनओएक्स सेन्सर, आणि काही नवीन मशीनला टेलपाइपजवळ काजळी ओळखणारा पीएम सेन्सर. खाली जास्त बोलणं डेल्टा पीबद्दलच आहे कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

कोड सेन्सरचा आला म्हणजे सेन्सर बदलायचा ना?

नाही. आणि हे एकदा डोक्यात पक्कं बसलं तर निम्मा खर्च वाचतो. कोडमध्ये नाव सेन्सरचं असतं पण ईसीएम तक्रार करत असतो ती मिळालेल्या रीडिंगबद्दल किंवा सर्किटबद्दल, आणि रीडिंग बिघडायची चार ठिकाणं आहेत: फिल्टर स्वतः, प्रेशर आणणारे होज आणि नळ्या, वायरिंग आणि कनेक्टर, आणि शेवटी सेन्सर. यातला सेन्सर सगळ्यात पटकन बदलता येतो म्हणून लोक तिथूनच सुरुवात करतात, नवीन सेन्सर लावतात, कोड क्लिअर करतात, मशीन तासभर चालतं आणि परत तोच कोड. मग ईसीएमवर संशय, मग फिल्टरवर, आणि होज मात्र कोणी काढून बघितलेलाच नसतो. सेन्सर खरंच जातात, जात नाहीत असं नाही, पण तो गेलाय हे मोजून सिद्ध झाल्याशिवाय नवीन मागवू नका.

एसपीएन आणि एफएमआय कसे वाचायचे?

हेवी मशीनमध्ये कोड जे-१९३९ नावाच्या ठरलेल्या पद्धतीने येतात. एसपीएन सांगतो कुठली गोष्ट, एफएमआय सांगतो काय झालंय. ३२५१ म्हणजे डीपीएफचं डिफरन्शिअल प्रेशर, ३२४२ डीपीएफच्या आधीचं टेम्परेचर, ३२४६ नंतरचं, ३७१९ काजळीचा टक्का आणि ३७२० राखेचा टक्का. काही कंपन्या स्वतःचे वेगळे नंबरही दाखवतात पण स्कॅनर बहुतेक वेळा दोन्ही देतो.

खरी गंमत एफएमआयमध्ये आहे आणि तोच लोक लिहून घेत नाहीत. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज हवं त्यापेक्षा वर, ४ म्हणजे खाली, हे दोन्ही आले की आधी वायरिंग आणि कनेक्टरकडे जा, फिल्टर साफ करून इथे काहीच होणार नाही. ० किंवा १६ म्हणजे रीडिंग पटण्यासारखं आहे पण जास्त आहे, म्हणजे इलेक्ट्रिकल बाजू बहुतेक ठीक आणि प्रेशर खरंच चढलंय किंवा होजमुळे तसं दिसतंय. १ किंवा १८ म्हणजे रीडिंग फार कमी. २ म्हणजे रीडिंग पटत नाही, उड्या मारतंय किंवा बाकीच्या माहितीशी जुळत नाही, आणि हा आला की होज अर्धवट तुंबलेला किंवा पाणी भरलेला असण्याची शक्यता खूप. १० आला तर रीडिंग बदलायचा वेग विचित्र आहे, १३ आला तर कॅलिब्रेशन किंवा झिरो सरकलाय. कोणी फोनवर सांगितलं की "३२५१ आलाय" तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारा, पुढचा एफएमआय कुठला.

स्कॅनर लावला, सगळ्यात पहिले काय बघू?

इंजिन बंद, चावी ऑन, आणि डेल्टा पीचं रीडिंग. गॅस वाहत नाहीये तर फरक शून्यच पाहिजे, शून्याच्या अगदी जवळ चालेल. इथेच ३ किंवा ५ किलोपास्कल दिसत असेल तर इंजिन चालू करायचीही गरज नाही, फॉल्ट सापडायला सुरुवात झाली. आता सेन्सरवरचे दोन्ही होज काढा आणि परत बघा. होज काढल्यावर शून्य झालं तर होजमध्ये पाणी किंवा अडकलेलं प्रेशर होतं, सेन्सर निर्दोष. होज काढूनही तेवढंच राहिलं तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग.

शून्य बरोबर असेल तर इंजिन चालू करा, आणि आकड्यापेक्षा वागणूक बघा. आयडलला रीडिंग अगदी किरकोळ असतं, बऱ्याच मशीनला १ किलोपास्कलच्या आत, त्यावरून काहीच ठरत नाही. आरपीएम वाढवला की डेल्टा लगेच चढला पाहिजे आणि सोडला की लगेच उतरला पाहिजे. उशिरा चढतोय, हळूहळू उतरतोय, किंवा हललाच नाही तर नळी तुंबलीय. जमलं तर हायड्रॉलिक लोड देऊन फुल आरपीएमला बघा कारण फिल्टर भरलाय का नाही ते गॅस जोरात वाहतानाच कळतं. स्कॅनरवर आरपीएम आणि डेल्टा पी एकत्र ग्राफमध्ये लावता आले तर फारच उत्तम, डोळ्याला लगेच दिसतं.

होज आणि नळ्यांमध्ये नक्की काय शोधायचं?

हा भाग घाईत करू नका. पूर्ण होज हातात घेऊन फिरवून, वाकवून बघा, कारण चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला किंवा क्लॅम्पच्या खाली असते आणि वरून होज नव्यासारखा दिसतो. गरम डब्याला टेकून वितळलेला आहे का, आतला थर सुटून आतल्या आत बंद झालाय का, कुठे मुरड पडलीय का. फिल्टरच्या अलीकडच्या होजला चीर असेल तर प्रेशर बाहेर निसटतं आणि डेल्टा कमी दिसतो, म्हणजे फिल्टर भरत चाललाय आणि ईसीएमला वाटतंय सगळं ठीक. हे सगळ्यात घातक, कारण रिजन वेळेवर होत नाही आणि काजळी साठत साठत जाते. चीर असलेल्या जागी काळा डाग उमटलेला असतो, तो शोधा.

पलीकडची नळी तुंबली आणि पुढे एससीआर असेल तर उलटं होऊ शकतं, पलीकडचं प्रेशर सेन्सरपर्यंत पोचतच नाही आणि फरक आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. रिकामा फिल्टर भरलेला वाटायला लागतो, उगाच रिजनवर रिजन.

मग होजच्या पुढची स्टीलची नळी आणि डब्यावरचं तिचं तोंड. इथे काजळी घट्ट बसते. नळी सुटी करा, डब्याच्या तोंडात तार हाताने घालून मोकळं करा, आणि हवा मारायची असेल तर आधी सेन्सर काढून बाजूला ठेवा. कंप्रेसरची हवा सेन्सरमध्ये गेली की आतला पातळ पडदा गेलाच म्हणून समजा, चांगला सेन्सर तिथल्या तिथे मारायची ही सगळ्यात सोपी पद्धत आहे.

अजून एक, सेन्सर डब्याच्या तोंडांपेक्षा वर असायला हवा आणि होज सगळीकडे खाली उतरत गेलेला हवा, मध्ये झोळ पडता कामा नये. एक्झॉस्टमध्ये वाफ असतेच, ती थंड झाली की पाणी होतं आणि झोळात साचतं. थंड प्रदेशात ते गोठतं आणि सकाळी कोड येतो, दुपारी आपोआप जातो. कोणी दुरुस्ती करताना ब्रॅकेट दुसरीकडे लावला असेल तर मूळ जागी आणा, आणि होज बदलताना साधा पाण्याचा किंवा डिझेलचा पाइप लावू नका, तो उष्णतेत टिकत नाही.

दोन होज उलटे लागले तर काय होतं?

डेल्टा पी उणे होतो किंवा शून्याला चिकटून बसतो. काही सेन्सरचे दोन निपल वेगवेगळ्या जाडीचे असतात म्हणून उलटे लागतच नाहीत, पण सगळ्यांचे नसतात. फिल्टर उतरवून परत बसवल्यावर लगेच कोड आला असेल तर हे पहिले बघा. काढतानाच एका होजला खूण करायची सवय लावा.

वायरिंग मल्टीमीटरने कशी तपासू?

साध्या ॲनालॉग सेन्सरला तीन वायर असतात, ५ व्होल्ट सप्लाय, ग्राउंड आणि सिग्नल. टेम्परेचरही त्यातच असेल तर चौथी. कनेक्टर काढा, चावी ऑन करा आणि हार्नेसच्या म्हणजे वायरिंगच्या जुडग्याच्या बाजूला सप्लाय आणि ग्राउंडमध्ये मोजा, ५ व्होल्टच्या आसपास मिळालं पाहिजे. कमी मिळालं तर मीटरची काळी लीड बॅटरीच्या मायनसवर धरून परत मोजा, आता ५ आलं तर ग्राउंडची वायर खराब आहे, नाही आलं तर सप्लायची बाजू.

सिग्नल मोजायचा तो कनेक्टर जोडलेला असताना, मागून बारीक प्रोब सरकवून. बऱ्याच सेन्सरना शून्य प्रेशरला ०.५ व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण प्रेशरला ४.५ व्होल्ट येतं. सिग्नल ०.५ व्होल्ट आहे आणि स्कॅनर भलतंच दाखवतोय तर वायर मध्ये कुठेतरी किंवा ईसीएमच्या पिनवर गडबड. वायरला सुई टोचून मोजू नका, टोचलेल्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढे महिन्याभरात तिथेच हिरवा गंज धरतो, मग तो फॉल्ट शोधायला कोणालाच सुचत नाही.

एक सोपी युक्ती आहे. एफएमआय ४ आलाय, तर कनेक्टर काढा आणि स्कॅनर बघा. काढल्यावर कोड ४ वरून ३ वर गेला, तर ईसीएम आणि वायर प्रतिसाद देतायत, संशय सेन्सरवर. काढूनही ४ च राहिला तर सिग्नल वायर कुठेतरी ग्राउंडला चिकटलीय किंवा सप्लायच येत नाहीये. पण सिग्नल तुटल्यावर ३ येणार की ४ हे ईसीएमच्या आतल्या रचनेवर असतं, त्यामुळे आधी मॅन्युअलमध्ये तेवढं बघून घ्या, नाहीतर निष्कर्ष उलटा निघेल.

आणि नुसत्या कंटिन्युइटीच्या बीपवर विश्वास नको. दहा तारांपैकी एकच तार शाबूत असलेली वायरही बीप देते. पिनची पकड तपासायला त्याच मापाची सुटी पिन घालून ओढून बघा, सैल निघाली तर ती पिन बदला. ज्या मशीनला हादरे बसतात तिथे सैल पिन हे कोडचं फार मोठं कारण आहे.

काही नव्या मशीनमध्ये सेन्सर डिजिटल असतो, व्होल्टेज मोजून काही कळत नाही, तिथे सप्लाय आणि ग्राउंड तपासा आणि बाकी स्कॅनरवर. कॅन बसवर (कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती दोन तारांची लाइन) असेल तर बॅटरी बंद करून हाय आणि लोमध्ये ६० ओहमच्या आसपास मिळायला हवेत, १२० मिळाले तर एका टोकाचा रेझिस्टर गायब आहे किंवा बस मध्ये तुटलीय.

एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले, सगळे एकत्र कसे जातील?

गेलेले नसतात. ५ व्होल्टची सप्लाय लाइन अनेक सेन्सर मिळून वापरतात, त्यातला एक आतून शॉर्ट झाला किंवा एकाची वायर घासून बॉडीला लागली की सगळ्यांचं व्होल्टेज खाली जातं. मीटर सप्लायवर लावून ठेवा आणि त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढत जा, ज्याचा कनेक्टर काढल्यावर ५ व्होल्ट परत आलं तो दोषी. कुठला सेन्सर कुठल्या लाइनवर आहे ते सर्किट डायग्राममध्येच कळतं, अंदाजाने करू नका.

सेन्सर स्वतः चांगला आहे का ते वर्कशॉपशिवाय ठरवता येतं?

येतं, आणि त्याला महागडं काही लागत नाही. पारदर्शक पाइप घ्या, इंग्रजी यू सारखा उभा बांधा, अर्ध्यापर्यंत पाणी भरा. दोन्ही बाजूच्या पाण्याच्या पातळीत १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे जवळपास १ किलोपास्कल, नेमकं सांगायचं तर १०.२ सेंटिमीटर. आता एका टी जोडाने पाइपचं एक टोक आणि हातपंप दोन्ही सेन्सरच्या अलीकडच्या निपलला जोडा, पलीकडचं निपल उघडं ठेवा, पाइपचं दुसरं टोकही उघडं. चावी ऑन करून हळूच प्रेशर द्या. पातळीत ५० सेंटिमीटर फरक दिसला तर स्कॅनरवर ४.९ च्या आसपास यायला पाहिजे. दोन-तीन वेगवेगळ्या प्रेशरला जुळलं, आणि सोडल्यावर शून्यावर आलं, तर सेन्सर चांगला आहे, त्याला हात लावू नका. प्रेशर धरून ठेवल्यावर पाणी आपोआप उतरत असेल तर आधी तुमचे जोड तपासा, ते घट्ट असतील तर सेन्सरचा पडदा गळतोय.

मला ही चाचणी मनापासून आवडते, कारण तिच्यानंतर वाद उरत नाही.

टेम्परेचर सेन्सरचा कोड असेल तर?

रात्रभर बंद असलेलं मशीन सकाळी चालू न करता फक्त चावी ऑन करा आणि सगळे एक्झॉस्ट टेम्परेचर वाचा. सगळे एकमेकांच्या जवळ आणि बाहेरच्या हवेच्या तापमानाच्या जवळ पाहिजेत. एकच २५-३० अंशांनी वेगळा असेल तर तोच बघायचा. प्लॅटिनमचा दोन-वायर सेन्सर असेल आणि तो २०० ओहमवाला असेल तर ० अंशाला २०० ओहम आणि २५ अंशाला साधारण २२० ओहम मिळतात. दुसऱ्या प्रकारचे थर्मिस्टर असतात त्यांचे ओहम फारच वेगळे, त्यामुळे आपला कुठला ते आधी माहीत करून घ्या.

शेजारशेजारचे दोन कनेक्टर सारखेच असतील तर अदलाबदल होते आणि मग ईसीएमला डीओसीच्या आधी गरम आणि नंतर थंड दिसतं. एकेक काढून स्कॅनरवर कुठलं रीडिंग जातं ते बघा, मिनिटाचं काम आहे.

रिजन चालू असताना डीओसीच्या आधी पुरेसं गरम आहे, ३०० अंशांच्या आसपास, डिझेलही सोडलं जातंय आणि तरी डीपीएफच्या आधीचं टेम्परेचर चढतच नाही, तर लगेच सेन्सरला दोष देऊ नका. एक्झॉस्टमध्ये डिझेल फवारणारा डोझर तुंबला असेल, डीओसीच्या तोंडावर काजळीचा थर बसला असेल, किंवा जास्त सल्फरच्या डिझेलने डीओसी निकामी केला असेल.

सेन्सर, होज, वायर सगळं बरोबर निघालं, म्हणजे फिल्टरच भरलाय. काजळी की राख?

काजळी जळते, राख जळत नाही, सगळा फरक इथे आहे. काम करताना एक्झॉस्ट साधारण २५० ते ४०० अंशांना असतो तेव्हा नायट्रोजन डायऑक्साइडमुळे काजळी आपोआप हळूहळू जळते, त्याला पॅसिव्ह रिजन म्हणतात. तेवढ्याने भागलं नाही तर ईसीएम डिझेल सोडून ५५० ते ६०० अंशांपर्यंत तापवतो, ते ॲक्टिव्ह. राख येते ती इंजिन ऑइलमधल्या ॲडिटिव्हमधून, कॅल्शियम, झिंक, मॅग्नेशियम, आणि ती कितीही रिजन केलं तरी फिल्टरमध्येच राहते.

रिजन पूर्ण झालं आणि डेल्टा लगेच खाली आला पण काही तासांतच परत चढला, तर काजळी जास्त तयार होतेय. रिजन पूर्ण होऊनही डेल्टा खालीच येत नसेल आणि मशीनचे हजारो तास झाले असतील तर राख. तेव्हा फिल्टर उतरवून वर्कशॉपच्या क्लीनिंग मशीनवर साफ करून घ्यावा लागतो, आणि चांगलं वर्कशॉप साफ करायच्या आधी-नंतर वजन करून देतं, वजनाचे आकडे मागून घ्या. घरी प्रेशर वॉशरने फिल्टर धुवायचा प्रयत्न करू नका, राख ओली होऊन आतल्या नळ्यांच्या टोकाशी घट्ट बसते. ऑइल एपीआय सीजे-४ किंवा सीके-४ दर्जाचंच घाला, त्यात राखेचं प्रमाण १ टक्क्याच्या आत बांधलेलं असतं.

एक फसवी केस: इंजिनला ताकद नाही, बॅक प्रेशर खूप, पण डेल्टा पी नॉर्मल. अडथळा तेव्हा डीपीएफमध्ये नसून बहुतेक डीओसीत किंवा एससीआरमध्ये असतो, कारण डेल्टा पी फक्त डीपीएफच्या दोन बाजू बघतो. डीओसीच्या आधी गेज लावून मोजा.

फिल्टर साफ करून आणला, आठवड्यात परत भरला. वर्कशॉपने फसवलं का?

बहुतेक नाही. फिल्टर आलेली काजळी पकडतो, ती पाठवतं इंजिन. इंजेक्टर गळतोय, टर्बो आणि इंटरकूलरमधला बूस्ट होज फाटलाय, एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, एअर फिल्टर तुंबलाय, टर्बोचं सील ऑइल सोडतंय, यातलं काही असेल तर नवा कोरा फिल्टरही भरणारच. पूर्वी असं इंजिन काळा धूर ओकायचं आणि लांबून कळायचं, आता डीपीएफ तो धूर गिळतो म्हणून पहिला इशारा फिल्टरच्याच कोडने मिळतो. ऑइल किंवा कूलंट कमी होतंय का ते लिहून ठेवा.

दुसरं मोठं कारण आयडलिंग. तासन्‌तास नुसतं घुरघुरत ठेवलेलं मशीन एक्झॉस्ट गरमच होऊ देत नाही. काम नसेल तर बंद करा. आणि डिपस्टिक बघा, जी इंजिनं रिजनसाठी सिलेंडरमध्येच उशिरा डिझेल सोडतात त्यांचं रिजन सारखं अर्धवट राहिलं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं, लेव्हल वाढलेली दिसली तर ऑइल बदलल्याशिवाय मशीन चालवू नका.

डेल्टा पी अगदीच कमी येतोय, म्हणजे फिल्टर एकदम साफ, बरोबर?

असेलच असं नाही. होजची चीर वर सांगितली. ती नसेल तर टेलपाइपमध्ये पांढरं फडकं फिरवा. डीपीएफ चांगला असेल तर टेलपाइप आतून जवळजवळ स्वच्छ राहतो, काळीकुट्ट काजळी आली तर फिल्टर आतून तडकलाय किंवा वितळलाय आणि गॅस आरपार जातोय. त्याला दुरुस्ती नाही, बदलावा लागतो, पण कशामुळे तडकला ते शोधल्याशिवाय नवा लावू नका.

रिजन मध्येच बंद केलं तर चालतं का? आणि कधीकधी मशीन रिजन घेतच नाही, का?

इमर्जन्सी असेल तर बंद करा, पण सवय नको. आतली काजळी पेटलेली असताना इंजिन एकदम आयडलवर आणलं की उष्णता वाहून नेणारा गॅस कमी होतो, ऑक्सिजन मात्र भरपूर असतो, आणि फिल्टरच्या आतलं तापमान झपकन वर जातं. सिरॅमिक तडकतं ते बऱ्याचदा अशाच वेळी.

काजळीचा टक्का फार वर गेला की ईसीएम याच कारणाने रिजनला नकार देतो. तेव्हा स्कॅनरने जबरदस्ती करायचा मार्ग शोधू नका, फिल्टर उतरवून साफ करा. पण तो टक्का खोट्या डेल्टा पीवरून आलेला असू शकतो, म्हणून उतरवायच्या आधी वरच्या सगळ्या तपासण्या झालेल्या पाहिजेत. शिवाय रिजन अडवणारी साधी कारणंही असतात: पार्किंग ब्रेक किंवा सेफ्टी लिव्हर लावलेला नाही, कूलंट गार आहे, डिझेल कमी आहे, रिजन रोखणारं इनहिबिट बटण दाबलेलं राहिलंय, किंवा दुसरा कुठलातरी कोड जिवंत आहे.

उभं करून रिजन करताना मशीन मोकळ्यावर, सुकं गवत, ताडपत्री, डिझेलचे डबे यापासून लांब. शेडमध्ये करू नका. टेलपाइपसमोर माणूस उभा राहू देऊ नका.

कोड येतो-जातो, मेकॅनिक आला की नसतो. काय करू?

तो कधी येतो ते पकडा. सकाळी थंडीत आला तर पाणी किंवा बर्फ. मशीन धुतल्यावर आला तर कनेक्टर, आणि यापुढे सेन्सरवर प्रेशर वॉशर मारू नका. खडबडीत रस्त्यावर किंवा खडक फोडणारा ब्रेकर चालवताना आला तर हार्नेस कुठेतरी घासतोय किंवा पिन सैल. तापल्यावर तासाभराने आला तर डब्याजवळची वायर. ऑपरेटरने वेळ, काम आणि हवामान वहीत लिहिलं तर मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो. स्कॅनरमध्ये फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणाची रीडिंग, असेल तर कोड क्लिअर करायच्या आधी तिचा फोटो घ्या, क्लिअर केल्यावर ती माहिती गेली. मग इंजिन चालू ठेवून, गरम डब्यापासून हात सांभाळत हार्नेस हलवत जा आणि ग्राफ कुठे उडी मारतो ते बघा.

एनओएक्स सेन्सर आणि पीएम सेन्सरची तपासणीही अशीच का?

नाही, ते वेगळे. एनओएक्स सेन्सर स्वतःचं मॉड्यूल घेऊन येतो आणि कॅनवर बोलतो, आतला हीटर एक्झॉस्टमधली ओल गेल्यावरच चालू होतो, म्हणून गार मशीनला तो रीडिंग देत नाही आणि ते नॉर्मल आहे. सप्लाय, ग्राउंड, कॅन तपासा. सेन्सर आणि मॉड्यूलमधली वायर कापून जोडू नका, धुवू नका. पीएम सेन्सरवर काजळी बसली की दोन इलेक्ट्रोडमधला रेझिस्टन्स उतरतो, मग तो स्वतःला तापवून साफ करतो. त्याने काजळी दाखवली तर आधी टेलपाइपला फडकं लावून बघा, तो बहुतेक वेळा खरं सांगत असतो.

नवीन सेन्सर लावल्यावर काही रीसेट करावं लागतं?

बऱ्याच मशीनला हो. ईसीएमने जुन्या सेन्सरचा शून्य शिकून ठेवलेला असतो, तो स्कॅनरने रीसेट करून नव्याचा शून्य शिकवावा लागतो, चावी ऑन, इंजिन बंद. फिल्टर बदलला किंवा साफ केला तर राखेचा काउंटरही रीसेट करायचा. साफ न करता नुसता काउंटर रीसेट करू नका, ईसीएमचा हिशोब चुकतो आणि पुढचं प्रत्येक रिजन चुकीच्या वेळी होतं. टेम्परेचर सेन्सर बसवताना आटे जाम होऊ नयेत म्हणून त्यांना अँटी-सीझ लावा, टोकाला नाही, आणि नट फिरवताना वायरला पीळ पडू देऊ नका.

काम अडलंय, सेन्सर काढून किंवा एम्युलेटर लावून चालवलं तर?

सेन्सर काढला की मशीन बहुतेक ताकद कमी करून चालेल, आणि ईसीएम काजळीचा अंदाज अंधारात बांधेल. एम्युलेटर म्हणजे सेन्सरच्या जागी खोटं रीडिंग देणारा डबा, तो तर कायम "सगळं ठीक" सांगत राहतो, फिल्टर भरतो, बॅक प्रेशर चढतं, टर्बो तापतो. अमेरिकेत आणि युरोपात हे बेकायदेशीर आहे, इतर बऱ्याच देशांतही. आणि या धुराजवळ रोज आठ-दहा तास उभी असणारी माणसं आपलीच असतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोग करणारा म्हणून जाहीर केलाय. काम अडलंच असेल तर चावी ऑन करून शून्य बघणं आणि दोन होज काढून बघणं, एवढ्याला अर्धा तासही लागत नाही, ते आधी करा.

मेकॅनिकला बोलवायच्या आधी काय काय तयार ठेवू?

एसपीएन-एफएमआयचा फोटो, मशीनचे एकूण तास, शेवटचं रिजन कधी पूर्ण झालं आणि कधी अर्धवट सुटलं, फिल्टर शेवटचा कधी साफ केला, कुठलं ऑइल घातलंय, आणि चावी ऑन-इंजिन बंद असताना डेल्टा पी किती होता. मशीन गार असलं पाहिजे, डबा रिजननंतर बराच वेळ भाजेल इतका गरम राहतो. आणि मशीन नीट चालत असताना फुल आरपीएमला, फुल लोडवर डेल्टा पी किती येतो तो आकडा सर्व्हिसच्या वहीत आत्ताच लिहून ठेवा, बिघडल्यावर तुलना करायला दुसरा कुठलाच आकडा इतका उपयोगी पडत नाही.